दूधवाल्याची सायकल

अकोल्याच्या जठारपेठेत आमच्या घरासमोर नत्थुजींचं जुन्या सामानाचं दुकान आहे. कपाटं, पलंग, कूलर, सायकली. दुसरा दुकानदार आधी वस्तूचे गुण सांगेल. नत्थुजी आधी तिचा मालक कसा गेला ते सांगतात.

"पलंग सागवानी हाये, पण याच्यावर रामराव मास्तर वारले. सांगून ठेवतो बापा, मांगून म्हणू नका."

गिऱ्हाईक उठतं. मग त्यांची बायको, सुभद्रावहिनी, आतून ओरडते, "अहो, झोपेत वारले! वय सत्त्याण्णव! हे काहून नाई सांगत?"

गिऱ्हाईक परत बसतं. नव्वदी ओलांडून झोपेत गेलेल्याच्या वस्तूला आमच्याकडे चांगली मागणी आहे. एका बाईनं तर मास्तरांची काठी नातवासाठी नेली. नातू आठ महिन्यांचा.

अवचित मेलेल्याची वस्तू मात्र कोणी घेत नाही. तशी वस्तू आली की नत्थुजी तिला आधी मारुतीच्या देवळासमोरून फिरवून आणतात आणि मगच दुकानात ठेवतात. एकदा त्यांनी हातगाडीवर फ्रिज फिरवून आणला. पुजाऱ्याला वाटलं दान आलं. त्यानं गाभाऱ्याबाहेरची जागा झाडून घेतली, प्लगही शोधून ठेवला. तिथून फ्रिज परत आणताना नत्थुजींना फार बोलणी बसली.

मी एकदा विचारलं, "भाऊ, नाही सांगितलं तर देव रागावणार आहे का?"

"देवाचं मले नाई मालूम, ताई. पण ज्यानं वस्तू वापरली तो तं इथं येऊन बोलू शकत नाई. त्याच्याकडून कोणीतरी बोलाले पाह्यजे का नाई?"

मागच्या उन्हाळ्यात माणिकबाई नावाची बाई एक सायकल विकून गेली. ती जंगलातल्या सेमाडोहकडची. तिचा नवरा श्रावण बावीस वर्षं सायकलला कॅन लावून दूध वाटत होता. एका सकाळी रस्त्याच्या कडेला सायकल स्टँडवर लावून तो चुकलेल्या म्हशीमागे नाल्यात उतरला आणि वाघानं त्याला मारलं. माणिकबाई अकोल्यात भावाकडे राहायला आली, ती सायकल बसच्या टपावर टाकूनच.

नत्थुजींनी सायकल देवळासमोरून फिरवली आणि येईल त्याला सगळं सांगितलं. त्यामुळे ती दोन महिने हलली नाही. पण बोलणं मात्र हललं, ते थेट अमरावतीला पोहोचलं. तिथून अमोल नावाचा तरुण मोठ्या गाडीतून आला. सेमाडोहजवळ त्यानं पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या.

"काका, हीच ती वाघवाली?"

"वाघवाली नाई, दूधवाली," नत्थुजी म्हणाले.

अमोलनं सायकल चारी बाजूंनी पाहिली. त्याचं तोंड उतरलं. "पंजाचे ओरखडे कुठं आहेत?"

"पंजा नाल्यात होता, सायकल सडकीवर. वाघ काय घंटी वाजवाले आला होता?"

"मग तुम्हीच चार ओरखडे मारून द्या ना. पेचकस असेलच. आमच्या दारात ठेवतो, वर बोर्ड लावतो. लोक फोटो काढतील."

नत्थुजींनी डोळे वटारले तसे त्यानं ओरखडे सोडले आणि नुसत्या सायकलीचा आकडा सांगितला. सुभद्रावहिनीच्या हातून भरताचं भाजलेलं वांगं राखेत पडलं. तिनं ते धुऊन घेतलं, पण आकडा काही डोक्यातून धुतला गेला नाही.

"विका ना," ती म्हणाली. "छपराचे टिनं पाहा. चोरी करून राहिले काय तुम्ही?"

नत्थुजी अमोलला दोन दिवसांनी या म्हणाले. दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. मला म्हणाले, "ताई, आजवर खरं सांगून माल पडून राह्यला. आता खऱ्याचेच पैसे भेटून राहिले, तं घ्याले मन काहून नाई होत?"

संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मनात आलं ते सांगितलं, "जिचं दुःख आहे तिला विचारा."

अमोल आला तेव्हा त्याच्याच गाडीतून आम्ही माणिकबाईकडे गेलो. वहिनी एसीच्या थंड हवेत खूश होती. म्हणाली, "बाईचं घर अजून थोडं लांब पाह्यजे होतं."

माणिकबाईनं सगळ्यांना चहा दिला आणि ऐकून घेतलं. मग अमोलला विचारलं, "बोर्डावर काय लिहिशीन बापू?"

"वाघाचा बळी."

"माह्या मालकाचं नाव?"

"नावाचं काय आहे मावशी, पर्यटकांना वाघ पाहिजे."

"बावीस वर्स दूध वाटलं त्यानं. पावसात, थंडीत. एका दिवसाचा खाडा नाई. ते नाई लिहिशीन अन त्या घडीभराच्या वाघाचं लिहिशीन?"

अमोल बशीत पाहू लागला. माणिकबाई नत्थुजींकडे वळली. "भाऊ, तुमी विकत घेतली, सायकल तुमची. पण मालक गेल्यावर ती दोन दिवस तिथं सडकीवर स्टँडवर उभी होती. मंग घरी बी उभी दिसली की मले वाटे, हा आत्ता नाल्यातून वर येते. म्हणून काढली घरातून. चालवणाऱ्याले द्या."

वहिनीनं डोळ्याला पदर लावला. नत्थुजी अमोलला एवढंच म्हणाले, "नाई जमत बापू."

अमोल रागानं एकटाच निघून गेला. आम्ही ऑटोनं परतलो. थंड हवा गेली आणि वर भाडंही लागलं, म्हणून वहिनी घरापर्यंत पुटपुटत होती. पण विका असं काही पुन्हा म्हणाली नाही.

पुढच्या आठवड्यात फुलं विकणारा देवमन आला. नत्थुजींनी त्याला श्रावण, म्हैस, नाला, वाघ, सगळं सांगितलं. वहिनीही मध्ये बोलली नाही.

"अजून काई?" देवमननं विचारलं.

"नाई."

"मंग कॅनचे हूक राहू द्या, टोपले बसतात. चेनले तेल टाकून द्या."

"एक हाये," नत्थुजी म्हणाले. "सडकीवर स्टँडवर नको लावत जाऊ."

"काहून गा?"

"भिंतीले टेकवत जाय."

देवमन आता रोज सकाळी आमच्या घराच्या भिंतीला सायकल टेकवतो आणि टोपलं घेऊन पेठेत हाळी देत फिरतो. तिथला रंग हँडलनं खरवडून निघाला आहे. माझा मुलगा म्हणतो, त्याला सांग, स्टँडवर लाव. मी देवाची फुलं घेते आणि गप्प बसते.