पहिला काप

श्रीवर्धनात बापूंच्या हाताखालून न गेलेला सुतार शोधावा लागेल, आणि त्यांची बोलणी न खाल्लेला तर मिळायचाच नाही. तीस वर्षं ते शाळेत सुतारकाम शिकवत होते. गणिताच्या शिक्षकांना पोरं सर म्हणायची, यांना नुसतं मास्तर. बापूंना त्याचं काही वाटत नसे. ‘सर म्हणणारा पोरगा खिळा वाकडाच मारतो,’ असं ते म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या सुपारीच्या वाडीत पत्र्याची शेड घातली आणि करवत बसवली. टेबलाच्या मधल्या फटीतून वर आलेलं गोल पातं, खाली मोटर आणि पात्यावर झाकण धरणारा गार्ड. त्या गार्डलाच मागे जोडलेली एक पोलादी पट्टी असते. फळी चिरत पुढे जाते तशी ती पट्टी चिरेत शिरते आणि चीर मिटू देत नाही. चीर मिटली की फिरतं पातं फळीला धरतं, माणसाच्या अंगावर भिरकावतं, आणि फळीवर टेकलेला हात जातो सरळ पात्यावर. हे बापूंनी हजार पोरांना तरी सांगितलं असेल. ‘करवतीला राग नाही, लोभ नाही आणि डोळेही नाहीत. डोळे तुम्ही घरून आणायचे.’

शेडमध्ये त्यांचाच कायदा चाले. सैल बाही नको, हातमोजे नकोत, कारण मोजा अडकला तर हातालाही घेऊन जातो. पातं फिरत असताना बोलायचं नाही. फळीचं शेवटचं टोक काठीनं ढकलायचं, बोटांनी नव्हे. चहा घेऊन आलेल्या अनुसूयाबाईंनाही मोटर थांबेपर्यंत दारात उभं राहावं लागे, मग चहा गार झाला तरी बेहत्तर. आणि गार्ड काढायचा-बसवायचा तो फक्त बापूंनी. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

सून आश्लेषा पालीची. बापूंचा मुलगा श्रेयस पनवेलला नोकरीत, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचा. मधले पाच दिवस आश्लेषाला घर खायला उठे. आधी ती बंबासाठी भुसा भरून न्यायला शेडमध्ये यायची, मग फळी धरायला थांबायला लागली, आणि एक दिवस म्हणाली, “बापू, मला शिकवाल?” तिनं केलेली पहिली घडवंची डुगडुगत होती. बापूंनी ती बोटानं हलवून पाहिली. “ही कळशी ठेवायला केलीस की पोर जोजवायला?” आश्लेषानं घडवंची खोलली आणि चारही पाय पुन्हा कापले. दोन वर्षांत ती अंगणवाडीच्या छोट्या खुर्च्या करायला लागली. बापूंनी कधी शाबासकी दिली नाही, तो शब्द त्यांना येतच नसावा. फार झालं तर ‘चालेल’ म्हणायचे. त्या एका ‘चालेल’वर पोरगी दिवसभर गुणगुणत असायची.

श्रावणात बापूंचा उजवा हात थरथर कापायला लागला. सुरुवातीला त्यांनी थंडीवाऱ्यावर ढकललं, मग म्हातारपणावर. चहाचा कप दोन हातांनी धरायचं त्यांनी ठरवून टाकलं, आणि अनुसूयाबाईंनी विचारलंच तर ‘ऊब बरी वाटते’ म्हणून सांगितलं. डॉक्टरकडे गेले नाहीत. आजाराची भीती नव्हती त्यांना. भीती कुलपाची होती. श्रेयसला कळलं की येत्या शनिवारीच शेडला कुलूप लागणार, आणि मग सकाळी उठून जायचं कुठे, हा प्रश्न त्यांना आतून पोखरत होता. तेव्हा त्यांनी हात लपवला, पोरानं नापासाचं प्रगतिपुस्तक लपवावं तसा.

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा. बापूंनी दरवर्षीप्रमाणे प्लग उपटला, गार्ड काढला, पातं घासूनपुसून त्याला गंध लावलं आणि झेंडूची माळ घातली. दसऱ्यापर्यंत हत्यार विश्रांतीत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे उठायच्या आत बापू एकटेच शेडमध्ये जात, गार्ड परत बसवत आणि वर्षाचा पहिला काप मारत. तो मान घरच्या कर्त्याचा. त्या वेळी तिथे कधी कुणी नसे.

या वर्षीही ते पहाटे गेले. माळ उतरवली, गार्ड जागेवर धरला, नट बोल्टाच्या तोंडाशी नेला, आणि बोटं थरथरली. नट खाली पडला. उचलला, पुन्हा नेला, पुन्हा पडला. डाव्या हातानं उजवं मनगट दाबून पाहिलं. पाचव्या खेपेला नट आट्यांवर बसल्यासारखा वाटला आणि निसटून भुशात गेला. आयुष्यभर डोळे मिटून जे केलं ते होत नव्हतं. बापू तिथेच स्टुलावर बसले. त्यांना रडू आलं, पण रडायला वेळ मिळाला नाही, कारण बाहेर उजाडलं होतं आणि दारात आश्लेषा उभी होती.

न्हालेली, केस घट्ट बांधलेली, डोळ्यांवर जाडा चष्मा, ओढणी घरी ठेवून आलेली. अगदी कायद्याप्रमाणे. “पहिला काप बघायला आले. बघू ना?”

नाही म्हणायला हवं होतं. पण बापूंच्या डोक्यात एवढंच आलं की आता फळी हातात घेतली तर हिला हात दिसणार. ते उठले, गार्ड हळूच भिंतीशी ठेवला आणि म्हणाले, “या वर्षी पहिला काप तू मार.”

“मी?” आश्लेषाचा चेहरा असा उजळला की बापूंनी नजर खाली घातली. तिनं फणसाची फळी घेतली, काठी घेतली, प्लग लावला. मग पात्याकडे बघून थांबली. शिकवलेली पोर होती ती. “बापू, गार्ड?”

भुशातून उचललेला नट बापूंच्या मुठीत होता. “पहिला काप बिनगार्डचाच मारायचा असतो,” ते म्हणाले. “पात्यावरचं गंध झाकायचं नाही. आपल्याकडे रिवाज आहे तो.”

असा रिवाज ना त्यांच्या घरात होता, ना पंचक्रोशीत. बापूंनी तो त्या क्षणी जन्माला घातला. आणि हत्याराच्या बाबतीत बापू सांगतील ते वेदवाक्य, म्हणून आश्लेषानं मान डोलावली.

अर्धी फळी सरळ चिरली. फणसाचं लाकूड ताण धरून बसलेलं असतं; मागची चीर हळूहळू मिटत गेली. बापूंना ते दिसलं. पातं फिरत असताना बोलायचं नाही हा कायदा त्यांचाच, तरी ते ओरडले, पण तोवर फळी उसळली होती. त्यांनी बटण दाबलं. मोटर थांबायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात व्हायचं ते झालं होतं.

तालुक्याच्या दवाखान्यातून तिला मुंबईला नेलं. डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट गेलं आणि मधल्याची दोन पेरं. डॉक्टरांनी विचारलं, मशीनला गार्ड नव्हता का? बापूंनी तोंड उघडलं, पण आश्लेषाच आधी बोलली. “आमच्याकडे पहिला काप बिनगार्डचा असतो. मशीनचा दोष नाही, माझाच हात पुढे गेला.” डॉक्टर रिवाजांबद्दल काहीतरी तिखट बोलले. बापू भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे राहिले.

त्या दिवशी बोलले असते तर निभावलं असतं. खोटं दूध नासल्यासारखं नासतं, जितका वेळ ठेवावं तितकं वाईट.

दिवाळी होऊन गेल्यावर बोर्ली पंचतनहून कान्हा भेटायला आला. बापूंचा जुना विद्यार्थी, आता स्वतःचा फर्निचरचा कारखाना. पाया पडून ओटीवर टेकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “मास्तर, राग न्हाय मानायचा. पन बाईमानसाच्या हातानं पयला काप घेतलात, त्ये हत्याराला खपलं न्हाय. माझ्याकडं सगले हेच बोलतात.”

“अरे, असं काही नसतं,” बापू म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि त्याला चहा विचारला.

पण आतून अनुसूयाबाईंनी ऐकलं होतं. त्या काही दुष्ट नव्हेत. दवाखान्यात सुनेच्या उशाशी त्यांनी नऊ रात्री काढल्या होत्या. पण भ्यालेल्या माणसाला कारण लागतं, आणि हे आयतं मिळालं. त्यांनी आश्लेषाला शेडकडे जाऊ देणं बंद केलं. देव्हाऱ्यातल्या समईलाही हात लावू देईनात, मायेनंच म्हणायच्या, “राहू दे गं, मी करते.” आश्लेषा वाद घालत नसे. ती पडवीत बसून अंगणवाडीच्या अर्धवट खुर्चीकडे बघत राहायची. एकदा बापूंना म्हणाली, “माझंच चुकलं असणार, बापू. तुम्ही इतकी वर्षं मारलात पहिला काप, तुम्हाला कधी काही झालं नाही.”

बापूंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण बोलणंही झालं नाही. कुलपाची भीती उरली नव्हती, कुलूप तर अपघातानंतर लागलंच होतं. आता भीती तिच्या तोंडाकडे बघायची होती.

शेवटी अनुसूयाबाईंनी ठरवलं, करवतीपुढे नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. सुनेनं माफी मागायची. रविवार धरला, म्हणजे श्रेयस घरी. कान्हालाही बोलावलं. गाऱ्हाणं घालणार अर्थात घरचे कर्ते.

शेड उघडली. पात्यावरचं गंध वाळून गेलं होतं. आश्लेषानं उजव्या हातानं नारळ ठेवला आणि डावा पदराखाली घेऊन खाली मान घालून उभी राहिली. बापूंनी हात जोडले. जोडलेले हात कापत होते, आणि आज त्यांनी ते लपवले नाहीत.

“बा महाराजा,” ते म्हणाले.

“व्हय म्हाराजा,” कान्हानं जबाब दिला.

“तुझ्या हत्याराचा मान ठेवण्यात या घराकडून चूक झाली.”

“व्हय म्हाराजा.”

“चूक सुनेची नाही. चूक माझी.”

“व्हय म्हा—” कान्हा अर्ध्यावर थांबला.

“बिनगार्डचा रिवाज कधीच नव्हता,” बापू म्हणाले. आता ते पात्याशी बोलत नव्हते. “माझा हात कापतो. पाच वेळा केलं, नट बसला नाही. ते हिला कळू नये म्हणून मी रिवाज सांगितला. पहिला कापही त्यासाठीच हिला दिला. हिनं विचारलं होतं मला, गार्ड कुठे म्हणून. विचारलं होतं हिनं.”

श्रेयस उठून बाहेर निघून गेला. अनुसूयाबाईंनी कापणाऱ्या हातांकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. कान्हा कुठे बघावं ते न कळून छपराकडे बघत राहिला.

आश्लेषा रागावली नाही. ती रागावली असती, ओरडली असती, तर बापूंनी ते प्रसादासारखं घेतलं असतं. ती त्या वाळल्या गंधाकडे बघत होती.

“बोटांचं जाऊ दे, बापू,” ती म्हणाली. “ती गेली तेव्हाही मला एक बरं वाटत होतं. वाटत होतं, बापूंनी स्वतःचा मान मला दिला, म्हणजे मला काम यायला लागलं असणार. मुंबईला रात्री दुखायचं ना, तेव्हा मी तेच घोकायचे.”

“यायला लागलं होतं गं,” ते म्हणाले. “खरंच सांगतो. चांगलं यायला लागलं होतं.”

महिनाभरात ते बोलले त्यातलं हे सगळ्यात खरं होतं. आणि आश्लेषानं त्यांच्याकडे तशीच नजर टाकली, जशी त्यांनी तीस वर्षं वही घरी विसरली म्हणणाऱ्या पोरांकडे टाकली होती.