कामात असलेला माणूस

आमच्या सेलूतल्या शेजारच्या मास्तरांनी उभ्या आयुष्यात एक मिनिट वाया घालवलं नाही आणि दुसऱ्यालाही घालवू दिलं नाही. दिवस प्रभूचे, आपल्याला नुसते वापरायला मिळालेले, आणि तेही थोडकेच, ही त्यांची श्रद्धा. तिचा ताप मात्र आम्हा सगळ्यांना. चर्चमध्ये पाळकांचा उपदेश लांबला की हे मागच्या बाकावर गीतांच्या फाटक्या पुस्तकांना खळ लावत बसायचे. पाथरीच्या गाडीची वाट पाहताना एकदा शेजारच्या अनोळखी माणसाला शर्ट काढायला लावून त्याचं तुटलेलं बटण शिवायला घेतलं. गाडी आली, गेली. तो बिचारा बनियनवर उभा. "गाडी दुसरी येईल हो," मास्तर म्हणाले, "बटण काय आपोआप लागणार हाय?" त्यांच्याकडे कुणी बसायला गेलं, तर चहाआधी पुढ्यात तुरीच्या डाळीचं ताट यायचं, निवडायला. हळूहळू माणसं जायचीच थांबली.

मास्तरीणबाई वारल्या, मुलगी पुण्याला. तेव्हापासून मास्तर रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊ लागले. सोबत हरभऱ्याचे घाटे, अर्धे त्यांनी सोलायचे, अर्धे मी. मीही निवृत्त कारकून, एकटा जीव. एके दिवशी पलंगावर मोबाईल बघत लोळत होतो. सोलायचा कंटाळा आला, म्हणून आतूनच ओरडलो, "मास्तर, आज लय कामात हाय."

"करा, करा! कामातल्या माणसाला उठवू नाही," ते इतक्या आनंदानं म्हणाले की माझी मलाच लाज वाटली. त्यानंतर ते आलेच नाहीत. माझ्या दारावरून जाताना चपला हातात घ्यायचे, मला व्यत्यय नको म्हणून. रस्त्यात भेटले की विचारायचे, "चाललंय ना काम? मी तुमच्यासाठी प्रार्थना करायलोय." मी हो म्हणायचो. खरं सांगायला तोंड कुठं होतं? घर मात्र खायला उठायचं. भिंतीपलीकडे माणूस असून मला त्यांची फार आठवण यायची. असं वर्ष गेलं.

परवा शेवटी गेलोच. मास्तर ओट्यावर एकटेच होते. "झालं वाटतं काम?" म्हणत त्यांनी सरकून जागा केली.

"काम नव्हतंच, मास्तर. त्या दिवशी खोटं बोललो होतो."

मला वाटलं, रागावतील. पण ते हळूच म्हणाले, "म्हंजी वर्षभर आपण दोघं बी रिकामेच बसलो की."

त्यांना आता चौऱ्याऐंशीवं लागलंय.