तीन बंद पाकिटं

पिनरच्या आमच्या घरातला, खोल्या गरम ठेवणारा बॉयलर त्या ऑक्टोबरात अखेरच्या घटका मोजत होता. सुरू होताना आधी खोकल्यासारखा आवाज करायचा आणि निम्म्या वेळा तेवढंच करून थांबायचा. दुरुस्तीला आलेल्या माणसाने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि झाकण परत लावलं. याचे पार्ट आता मिळत नाहीत, नवीनच बसवा, म्हणाला.

वडील तेव्हा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे विलायतेत आले होते. आई गेल्यानंतरची ही त्यांची पहिलीच खेप. सरकारी बांधकाम खात्यातून ते कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. तिकडे त्यांच्या सहीशिवाय रस्त्यावर खडी पडत नसे. इथे त्यांच्याकडे एकच काम होतं: कोणत्या आठवड्यात कोणत्या रंगाचा कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायचा ते पाहणं. ते काम ते चोख करत. मग मी आणि बायको ऑफिसला गेलो की खिडकीशी बसून राहत, आणि संध्याकाळी परत यावं तर तिथेच. मला ते बघवत नसे, आणि बघवत नाही म्हणून त्यांच्यावरच चिडचिड व्हायची.

बॉयलर बदलायचा म्हटल्यावर मात्र ते खुर्चीत सरसावून बसले.

“कोटेशन्स किती मागवलीस?”

“तीन.”

“कामाची यादी दिलीस? तिघांना एकच यादी?”

यादी मी दिली नव्हती. मला ती द्यायची असते हेही माहीत नव्हतं. वडिलांनी मग टेप घेऊन सगळं घर मोजलं, खिडक्यांसकट. दोन दिवसांनी त्यांच्या टापटीप अक्षरातली नऊ कलमांची यादी तयार झाली. कलम सहा होतं, ‘लहान खोलीत नवीन रेडिएटर, एक नग’. लहान खोली म्हणजे पुढच्या दाराच्या वर, वरच्या मजल्यावरची, एक पलंग आणि एक कपाट मावेल एवढी. तिथे ते स्वतः झोपत. त्या खोलीत पहिल्यापासून रेडिएटर नव्हता. आम्ही एक इलेक्ट्रिक हीटर ठेवला होता, पण मीटर पळतं म्हणून ते तो बंदच ठेवत.

“एक जरी कलम गाळलेलं असलं तर पाकीट बाद,” ते म्हणाले. “सगळ्यांनी एकाच कामाचा भाव द्यायला पाहिजे. नाहीतर तुलना कशाची करणार?”

“पाकीट कुठलं बाबा? इथे कोट ईमेलवर येतं.”

“मग प्रिंट काढ आणि पाकिटात घाल. पाकिटं उघडायची ती सगळ्यांसमोर आणि ठरल्या वेळी.”

माझ्या बायकोला हसू आवरेना. मी हो म्हणून टाकलं. निदान खिडकी तरी सुटेल, असा माझा हिशेब होता.

त्या आठवड्यात तिघेही कंत्राटदार येऊन घर पाहून गेले. तिघांच्या हातात वडिलांनी यादी दिली. तिसरा माझ्या ऑफिसातल्या एकाने सुचवलेला होता. गुरुवारी त्याचा मला ऑफिसात फोन आला. लहान खोलीपर्यंत पाइप न्यायचा तर वरच्या मजल्याची लाकडी जमीन उचकटावी लागेल, दोन दिवस जास्त जातील, तिथे कुणी झोपतं का, असं त्याने विचारलं. मी मीटिंगला निघालो होतो. म्हटलं, तसं कुणी नाही, वडील आहेत, पण ते मार्चमध्ये जातील. मग ते वगळू या? वगळा, मी म्हणालो. येत्या मंगळवारची तारीख त्याच्याकडे मोकळी होती. ती हातची जाऊ नये म्हणून दुपारीच मी त्याला आगाऊ रक्कमही पाठवून दिली.

“अरे, मग बाबांना सांगून टाक ना सरळ,” बायको म्हणाली. “डिपॉझिट पे केलंयस, आता कसले एन्व्हलप्स उघडतोयस?”

“त्यांचा टाइम चांगला जातोय. राहू दे ना.”

शुक्रवारी सगळे ऑफिसातून गेल्यावर मी तिन्ही ईमेलचे प्रिंट काढले. स्टेशनरीच्या कपाटातून तीन तपकिरी पाकिटं घेतली, एकेकात एकेक कोट घातलं आणि माझ्याच जिभेने ती चिकटवली. वडील कडा तपासणार हे ठाऊक होतं, म्हणून वरून सेलोटेपही लावला. चाळिशीच्या माणसाने करावं असं ते काम नव्हतं.

रविवारी अकराला पाकिटं उघडायचं ठरलं होतं. वडील इस्त्रीचा शर्ट खोचून जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले. बायकोने पोहे केले होते. प्रत्येक पाकीट त्यांनी आधी आम्हाला दोन्ही बाजूंनी दाखवलं, “सील शाबूत आहे, बघून घ्या,” म्हणाले आणि मग पट्टीने फोडलं. प्रत्येक पान वाचून खाली सही केली, तारीख घातली. तिसऱ्या पाकिटाचं शेवटचं पान त्यांनी जरा जास्त वेळ धरलं. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग तिथेही सही झाली.

“काय पाहून राहिला?” ते मला म्हणाले. “पोहे खा, थंड होतात.”

दुपारभर त्यांनी तुलनेचा तक्ता केला. मला बघायला मागितला तर म्हणाले, निर्णय सांगतो, तक्ता फाइलला लागेल. संध्याकाळी निर्णय आला: तिसरा.

“अरे वा!” मी म्हणालो. “मलाही तोच बरा वाटत होता.”

“हो ना,” वडील म्हणाले.

मंगळवारी तो माणूस आला. दोन दिवस वडील त्याच्या मागे मागे होते आणि तोही त्यांना दर वेळी सर म्हणत होता. घर छान गरम झालं. लहान खोलीत मात्र वडील सबंध हिवाळाभर स्वेटर आणि कानटोपी घालून झोपले. जमीन उचकटायला लागणार होती म्हणून तिथलं राहिलं, असं मी ओझरतं सांगून टाकलं होतं. एकदा विचारलंही, थंडी वाजते का. “नागपूरच्या उन्हाळ्याची कसर भरून काढतोय,” ते म्हणाले. मी हसलो आणि विश्वास ठेवला, कारण ते सोयीचं होतं. मार्चमध्ये ते परत गेले.

पुढच्या शरदात बॉयलरच्या सर्व्हिसिंगला माणूस आला आणि त्याने कागद मागितले. वडिलांनी सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावून ठेवलं होतं. वरच तिसरं कोट होतं. त्याचं शेवटचं पान मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. फोनवर ठरल्याप्रमाणे लहान खोलीतला रेडिएटर वगळला आहे, आगाऊ रक्कम गुरुवारी मिळाली, मंगळवारी आठला येतो, असं त्यात लिहिलं होतं. प्रिंट काढताना मी खालपर्यंत पाहिलंच नव्हतं. त्या ओळींच्या खाली वडिलांची सही होती आणि रविवारची तारीख.

मागे तक्ता होता. कलम सहासमोर पहिल्या दोघांना ‘आहे’, तिसऱ्याला ‘नाही’. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: ‘सदर खोलीचा वापर मार्चपर्यंतच. तिसऱ्या निविदेची शिफारस करण्यात येत आहे.’

मला भयंकर लाज वाटली. सर्व्हिसवाला कधी गेला ते मला आठवत नाही. तो गेल्यावर मी नागपूरला फोन लावला.

“बाबा, बॉयलरचं सगळं आधीच ठरलेलं होतं, ते तुम्हाला कळलं होतं ना?”

“तीस वर्षं तेच काम केलं रे.”

“मग बोलला का नाहीत?”

मागे त्यांच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

“तू एवढी पाकिटं चिकटवत बसला होतास,” ते म्हणाले. “मग मीही उघडली.”