खाणीचं सुतक

दर तीन महिन्यांनी आमच्या खाणीवर मुंबईहून मोठा साहेब यायचा आणि टेबलावर उभा राहून बोलायचा. मॅनेजर त्याचं मराठी करायचा. या तिमाहीत माल अमुक इतका निघाला, मागच्यापेक्षा जास्त निघाला, आणि खाणीत एकही माणूस दगावला नाही. आम्ही टाळ्या वाजवायचो. मग पुरुषांना धोतर आणि बायकांना गूळ-खोबरं मिळायचं. गूळ चांगला असायचा, खोटं कशाला बोलू?

माणूस दगावला नाही, हेही तसं खोटं नव्हतं. खाणीत कुणी मरतच नसे. जे कोण मरायचे ते ओढ्याच्या, आमच्या पऱ्याच्या, पलीकडे जाऊन मरायचे.

मी लिहायला उशिरा शिकले, पुढे मुंबईला गिरणीत लागल्यावर, बायकांच्या वर्गात. त्यामुळे गोड करून लिहिणं मला येत नाही. ज्याला झोंबेल त्याने पान उलटावं.

रत्नागिरीपासून आत, सड्याच्या, म्हणजे कातळी माळाच्या, उतारावर ती खाण होती. मँगनीजचा काळा, जड दगड. पुरुष पहारीने तो सोडवायचे, आम्ही बायका डोक्यावर चुंबळ ठेवून टोपल्या वर आणायचो. तिथून बैलगाडीने बंदर, बंदरातून मचवा, आणि बाहेर खोल पाण्यात उभी असलेली आगबोट. त्या दगडाचं पुढे काय करतात ते आम्हाला ठाऊक नव्हतं. कुणी म्हणायचं तोफा करतात, कुणी म्हणायचं काच. शिरोड्याला मिठाची गडबड झाली त्याच्या आगेमागे विलायतेत दगडाला गिऱ्हाईक कमी झालं म्हणे, आणि कंपनी माल जास्त मागायला लागली. स्वस्त विकायचा तर जास्त विकायचा, असा काहीतरी हिशेब. त्यांचा हिशेब तो, घाम आमचा.

आता पऱ्याचं सांगते. आमच्याकडे गावात मढं असलं की चूल पेटत नाही, नांगर धरत नाहीत. तसाच आम्ही खाणीला नियम लावला होता. खाणीच्या हद्दीत कुणी मेला तर खाणीला सुतक. दहा दिवस दगडाला हत्यार लावायचं नाही. सुतक फिटल्यावर गुरवाने नारळ-कोंबडा देऊन राखणदाराला, त्या जागेच्या देवाला, गाऱ्हाणं घालायचं, मगच पहार उचलायची. माझं लग्न व्हायच्या आधी एकदा तसं झालं होतं. सगळी माणसं घरी बसली आणि आगबोट अर्धी रिकामी गेली. मॅनेजरने थयथयाट केला. पण दहा दिवस मजुरी बुडाल्याने आमचीही पोरं पेजेवाचून रडली, तेही खरंच.

तेव्हा मॅनेजर आणि आमचे चार वडीलधारे एकत्र बसले आणि त्यांनी तोड काढली. खाणीच्या खालच्या अंगाला पऱ्या होता, घोटाभर पाण्याचा ओढा. तीच हद्द. कुणाला लागलं, आणि जरा जास्त लागलं, की त्याला तडक डोलीत घालून पऱ्यापलीकडे न्यायचा. तिकडे मेला तर तो खाणीत मेला नाही. खाणीला सुतक नाही, मजुरी चालू, आणि साहेबाला सांगायला घरी तापाने गेला. कंपनीने हे आमच्यावर लादलं असं मी म्हणणार नाही. आम्ही हसत मान डोलावली. देवाला फसवायला माणूस कंपनीची वाट बघत नाही.

बांबूला घोंगडी बांधलेली ती डोली खाणीच्या तोंडाशीच ठेवलेली असायची. माझ्या शेजारणीच्या नवऱ्याला तीतून नेला तेव्हा मी बघत होते. छातीत दगड बसला होता त्याला, तरी बोलत होता. डोली उचलली, हिसका बसला, आणि पऱ्याच्या मध्यावर त्याने मान टाकली. मग तिथेच, पाण्यात उभं राहून, वाद सुरू. अलीकडे मेला की पलीकडे? शेवटी ठरलं, की डोकं पलीकडे होतं, म्हणजे पलीकडेच मेला. शेजारीण काठावर बसून हे सगळं ऐकत होती. चौथ्या दिवशी ती टोपली घेऊन कामावर आली. दुसरं काय करणार होती बिचारी?

माझे मोठे दीर खाणीचे मुकादम होते. आमच्यात मोठ्या दिराशी बोलायची रीत नाही. ते समोर आले की मी पदर ओढून बाजूला व्हायची, आणि त्यांनाही मला काही सांगायचं असलं तर ते भिंतीकडे बघून सांगायचे, "म्हणावं, पाणी ठेव." लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण आमचं एक अक्षराचं बोलणं झालेलं नव्हतं.

तिमाही सरत आली की मॅनेजर दिरांच्या मागे लागायचा आणि दीर माणसांच्या मागे. माल लवकर काढायची एक युक्ती होती, तिला पोट काढणं म्हणायचे. दरडीच्या तळाचा दगड आधी काढायचा, खालून पोकळ करायची, म्हणजे वरचा सगळा भाग आपल्या वजनाने खाली येतो. चार दिवसांचं काम एका दिवसात. फक्त ती केव्हा येणार हे दरडीने ठरवायचं. यात माझा नवरा, माझा घोव, वस्ताद. दरडीला कान लावून म्हणायचा, "आज नाय पडायची, निजलीय." मी म्हणायची, "अवो, निजलेली उठते पण." तो हसायचा. "तुझी टोपली उचल गो, शहाणी."

त्या दिवशी मी टोपली घेऊन अर्ध्या वाटेवर होते. मागे आवाज झाला. मी वळलेच नाही आधी, कारण मला कळलं होतं. मग टोपली टाकून धावले.

दरड आली होती, आणि कमरेपासून खाली माझा घोव दगडाखाली होता. पाच-सहा जणांनी पहारी लावून दगड बाजूला केले. तो शुद्धीत होता. पाय दिसत होते, पण त्याला पाय असल्याचं कळत नव्हतं. पोट फुगत चाललं होतं. त्याचा पहिला शब्द, ऐका, पहिला शब्द काय असावा? "डोली आणा."

दीर डोली घेऊन आलेच. त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला, पदर कुठे होता कुणाला ठाऊक. मी घोवाच्या उशाशी बसले, दोन्ही हातांनी खांदे धरले आणि म्हणाले, "भावोजी, हलवायचा नाय. दाक्तराला हितं आणा."

सगळे गप्प झाले. मी दिरांशी बोलले म्हणून गप्प झाले की काय, देव जाणे. दीर मागे सरले.

वर कडेला मॅनेजर छत्री घेऊन उभा होता. तो ओरडला, की डॉक्टरला गाडी गेली आहे, येईलच, तोवर त्याला पलीकडे न्या. मी म्हणाले, नाही. शेजारीण माझ्याजवळ आली. मला वाटलं, ही मला ओढणार, कारण सुतक लागलं तर तिच्याही घरात दहा दिवस पेज नव्हती. ती खाली बसली आणि तिने त्याचे चेचलेले पाय मांडीवर घेतले.

डॉक्टर दुपारी आला. बैलांच्या दमणीतून उतरला, पऱ्यापर्यंत आला आणि थांबला. पलीकडे काजूच्या झाडाखाली बसला, बॅग मांडीवर. निरोप पाठवला, रोग्याला इकडे आणा.

मला आधी समजेनाच. खाणीतून तो स्पष्ट दिसत होता, हाक मारली तर ओ देईल इतका जवळ. मग कळलं. तो कंपनीचा डॉक्टर. त्याने खाणीत उतरून माणूस तपासला म्हणजे माणूस खाणीत जखमी झाला, आणि मेला तर खाणीत मेला. पलीकडे तपासला तर घरचा रोगी. म्हणजे औषध पाहिजे तर त्याला हलवायचा, आणि हलवला तर औषध कशाला लागतंय? माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की हातात पहार असती तर मी काय केलं असतं सांगवत नाही.

दीर गेले, डॉक्टरच्या पाया पडले. खाणीतून दिसत होतं सगळं. परत येऊन भिंतीशी बोलावं तसे दगडाशी बोलले, "म्हणतोय, माझी नोकरी जाईल."

घोव माझा हात दाबून म्हणाला, "ने गो मला पलीकडे. का हट्ट करतंस?"

"नाय नेणार."

"हितं मेलो तर दहा दिवस सगळ्यांच्या चुली थंड पडतील. तुला शिव्या देतील."

"देऊ देत. तुमी मराचं नाव घेऊ नका."

"मला लाज आणतंस तू," तो म्हणाला, आणि त्याने तोंड फिरवलं.

दिरांनी हे ऐकलं. मग त्यांनी डोली खांद्यावर घेतली, तिघांना खूण केली आणि पऱ्याकडे चालू लागले. रिकामी डोली घेऊन कुठे चाललेत कुणाला कळेना. पलीकडे गेले, डॉक्टरला बखोट धरून उठवला, डोलीत बसवला, आणि चौघांनी ती उचलली. डॉक्टर ओरडतोय, टोपी पाण्यात पडलीय, एक पाय बाहेर लोंबतोय, बॅग छातीशी कवटाळलेली. अशी ती वरात पऱ्या ओलांडून खाणीत आली. वरून मॅनेजर इंग्रजीत बोंबलत होता. आणि आम्ही हसलो हो! माणूस मरत होता, आणि सगळी खाण हसली. तोही हसला. हसताना त्याला कळ आली तरी हसला.

खाली उतरल्यावर डॉक्टर वाईट वागला नाही. गुडघ्यावर बसला, पोट चाचपलं, पापण्या उघडून बघितल्या, कळ थांबायचं औषध दिलं. मी विचारलं, "उचलला असता तर?"

"पऱ्यापर्यंत पोचला नसता, बाई."

"आणि तुम्ही आल्याबरोबर खाली आला असता तर?"

त्याने बॅग बंद केली. पण उठून गेला नाही, शेवटपर्यंत बसून राहिला, हे त्याच्या बाजूने सांगते.

उन्हं कलायच्या आत माझा घोव गेला. माझ्यापासून तोंड फिरवलं ते फिरवलंच. चार घरच्या पेजेची काळजी करत मेला. माझी एक शब्दाने केली नाही. त्याचा मला अजून राग येतो, आणि राग आला की रडू येतं. इतक्या वर्षांत यातलं काहीच कमी झालेलं नाही.

दिरांनी पहार जमिनीवर ठेवली. मग एकेकाने ठेवली. खाणीला सुतक लागलं. साहेब ठरल्या दिवशी आला तेव्हा त्याचं भाषण ऐकायला फक्त मॅनेजर होता. दिरांची मुकादमी गेली, आणि माल न घेता परतलेल्या आगबोटीचं खापरही त्यांच्यावर फुटलं. वाडीत माझ्याशी कुणी भांडलं नाही, पण विहिरीवर मी गेले की बोलणं थांबायचं. एक म्हातारा कुंपणापलीकडून बोललाच, "एकाच्या मढ्यापायी सगळ्यांच्या तोंडची पेज गेली." मी म्हणाले, "काका, उद्या तुमचा मुलगा पडला तर डोली मी धरीन, पलीकडं नेऊन ठेवीन."

गाऱ्हाणं झालं आणि खाण सुरू झाली. मीही टोपली उचलली. नवा मुकादम आला, आणि त्याने पहिलं काम केलं ते डोलीला नवी घोंगडी बांधली.

पुढच्या तिमाहीला साहेब परत टेबलावर उभा राहिला. मॅनेजरने मराठी करून सांगितलं, की मागच्या तिमाहीत माल कमी निघाला, आणि दुर्दैवाने एक माणूस दगावला. कैक वर्षांत या खाणीत झालेला हा पहिलाच मृत्यू. साहेबाने टोपी काढली. आम्हालाही उभं राहायला सांगितलं. सगळी खाण माझ्याकडे वळून बघत होती, आणि मी खाली मान घालून उभी होते.

शेजारीण माझ्याजवळ होती. तिने माझा हात धरला आणि साहेबाकडेच बघत हळूच म्हणाली, "तुझा मेला असं तरी बोलले गो बाय. माझा अजून मेलाच नाय."