चौथ्या मुद्द्याला विरोध कुणाचा?

“हात काय घरी विसरून गेला होतास?” बायको ओरडत होती. बंगळुरातल्या आमच्या व्हाइटफील्डच्या नवव्या मजल्यावरून तो आवाज थेट देवनहळ्ळीच्या विमानतळावर पोचला असणार, कारण त्या दिवशी विमानं जरा बिचकतच उतरली असं माझ्या कानावर आलं. “एक माणूस, एक हात. वर करायचा. एवढंच काम होतं!”

“मी केला होता,” मी म्हणालो.

“किती?”

मी सोफ्यावरची उशी सरळ करायला लागलो.

झालं होतं ते असं. रविवारी सकाळी सोसायटीची सभा होती. बायको दूरशिक्षणातून समाजमानसशास्त्र शिकते आणि नेमकी त्याच सकाळी तिची तोंडी परीक्षा होती, म्हणून घराच्या वतीनं मी गेलो. निघताना तिनं चार वेळा बजावलं होतं, चौथा मुद्दा अक्काचा आहे, विरोध कर.

अक्का म्हणजे आमच्या फाटकाशी, करंजाच्या झाडाखाली इस्त्रीची गाडी लावणारी बाई. तिचे खापरपणजोबा कधीतरी साताऱ्याकडून इकडे आले. त्यामुळे ती मराठी बोलते, पण दर दोन शब्दांनी कानडी डोकावतं. तिची कोळशाची इस्त्री इतकी जड की ती खाली ठेवली की आमच्या घरातल्या कपबश्या वाजतात. आणि तिनं पाडलेल्या घडीला अशी धार, की माझ्या विजारीच्या घडीवर मी एकदा पपई कापली आहे. खोटं वाटत असेल तर पपईला विचारा. तर चौथा मुद्दा असा होता की अक्काची गाडी हलवायची आणि त्या जागी कारंजं बसवायचं. ज्या इमारतीत टँकर आला नाही की माणसं दात घासावेत की नको याचा विचार करतात, तिथं कारंजं!

सभेत अध्यक्षांनी मुद्दा वाचला आणि विचारलं, “विरोध कुणाचा?”

सभागृहात दीडशे माणसं. मी डावीकडे पाहिलं. डावीकडचा बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ उजवीकडे, म्हणजे माझ्याकडेच पाहत होता. पुढच्या रांगेतल्या नागपूरच्या बाई छताकडे बघत होत्या. सगळ्यांचे चेहरे इतके शांत की मला वाटलं, बापरे, सगळ्यांना कारंजं हवंच आहे. तरी मी हात उचलला. खरंच उचलला. तो कानापर्यंत आला, आणि तिथं आल्यावर कान खाजवून खाली गेला.

“सर्वानुमते मंजूर,” अध्यक्ष म्हणाले.

बाहेर पडताना पाहिलं तर सभागृहाच्या दाराच्या मुठीला माझा निळा शर्ट अडकवलेला, कडक इस्त्री केलेला. म्हटलं, काय ही सेवा, घरपोच नव्हे तर सभापोच! अक्काची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळीच हलली. कुणाशी भांडण नाही की तंडण नाही.

“तू म्हणजे माझ्या पुस्तकाचं तिसरं प्रकरण आहेस,” बायको म्हणाली. “अनुरूपता! चारजण गप्प म्हणून पाचवा गप्प. आणि खरी मेख तर पुढे आहे. प्रत्येकाला मनातून नकोच असतं, पण प्रत्येकाला वाटतं की बाकीच्यांना हवंय. चल, दारं वाजव.”

मी दारं वाजवली. देवा, काय सांगू! बँकवाले गृहस्थ म्हणाले, “अहो, मला कशाला हवंय कारंजं? पण सगळ्यांचा उत्साह दिसला.” नागपूरच्या बाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, “माझ्या चाळीस साड्या तिच्याकडे जात होत्या हो. पण तुम्हीसुद्धा गप्प होतात ना, म्हणून म्हटलं...” म्हणजे दोष माझा! बावीस दारं, बावीस वेळा तेच वाक्य, मराठीत, हिंदीत, कानडीत, आणि एका घरात तर पोपटानंही मान डोलावली. जो तो दुसऱ्याला कारंज्याचा भक्त समजत होता. घरी येऊन मी सोफ्यावर पडलो. “ही काय माणसं आहेत! भित्री, मेंढरं!” बायकोनं शांतपणे पुस्तक उघडलं. “सातवं प्रकरण. दुसरा गप्प बसला की तो भित्रा, आपण गप्प बसलो की परिस्थितीच तशी होती.”

मला ते पुस्तक अकराव्या मजल्यावर चढून खाली फेकावंसं वाटलं. आपला तर नववाच.

तिनंच उपाय काढला. पोह्यांचा स्टीलचा डबा, झाकणाला चीर, आत बिननावाच्या चिठ्ठ्या. अक्का राहू दे की जाऊ दे? चार दिवस डबा लिफ्टजवळ होता. मग सगळ्यांसमोर उघडला. एकूण एक चिठ्ठीवर ‘राहू दे’. अध्यक्षांचा चेहरा पडला. “मीही तेच लिहिलंय,” ते पुटपुटले.

“मग हा मुद्दा आणला कुणी?” मी किंचाळलो.

कागद चाळले. मुद्दा मागच्या समितीच्या यादीतून उतरवून घेतला होता. त्या समितीनं तो तिच्याही मागच्या समितीच्या यादीतून घेतला होता. त्यापलीकडे कागदच नव्हते.

मी तसाच धावत सुटलो. अक्का दोन गल्ल्या पलीकडे, एका मोठ्या संकुलाच्या भिंतीशी उभी होती. झाड नाही, सावली नाही, डोक्यावर पदर. कपड्यांचं गाठोडं आमच्याकडे असायचं त्याच्या निम्मंसुद्धा नव्हतं. मला धाप लागली होती, पण बातमीच तशी होती.

“अक्का, चला परत! तुमच्या विरोधात कुणी नव्हतंच! दीडशेतला एकही नाही!”

“हो का,” ती म्हणाली. इस्त्री चालूच.

“अहो, खरंच! सगळ्यांना तुम्ही हव्या होतात. मी तर त्याच दिवशी उठून सांगणार होतो. हात वरच केला होता मी!”

तिनं बाही उलटली, पाणी शिंपडलं, इस्त्री फिरवली.

“कानापर्यंत आला होता, सार. मी दारातच होते, तुमचा शर्ट घेऊन.”