अध्यक्षीणबाई मोबाईलच्या मागं

पुण्याला बाईनं एकटीनं कसं जायचं? हैदराबादला कसं जायचं? बेंगळूरचं तर नावच काढू नका! सहा वर्षं माझ्या लेकानं, नंदीशनं, हे एकच तुनतुनं वाजवलं, आन सहा वर्षं बायकांच्या गटाच्या मिटिंगला हा बाप्या जाऊन आला. गटाची अध्यक्ष त्याची बायको, माझी सून श्रीदेवी. सही तिची, फोटो तिचा, हाताला चटके तिच्या. आन मिटिंगला इस्त्रीचा शर्ट घालून जानार हा! पोटचं पोरगं हाय, तरी सांगते, लई राग येतो मला त्याचा.

मी लक्ष्मम्मा. उमरग्याच्या अलीकडं, हैदराबादच्या रस्त्याला लागून आमचं गाव. घरात कानडी बोलतो, बाजारात मराठी. नंदीशचं रस्त्यावर टायर-पंक्चरचं दुकान हाय. श्रीदेवी तिकडं कर्नाटकातल्या आळंदकडची. चौदा वर्षांखाली लग्न होऊन आली तवा बारावी पास व्हती, पन मराठीचा एक शब्द येत नव्हता. मराठी म्या शिकवली. कडक भाकरी बी म्याच शिकवली. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग विस्तवाजवळ उभी करून पार कुरकुरीत होस्तोर वाळवायची. महिनाभर टिकते. भाकरी झाली का न्हाय ते श्रीदेवी नखानं टिचकी मारून आवाजावरनं सांगते. मला आजून तसं जमत न्हाय, आन हे कबूल करायला मला चार वर्षं लागली.

माझ्या घरात शिस्त हाय बरं का. सून सासूपुढं खुर्चीवर बसत न्हाय. माझ्या सासूनं मला शिकवलं, म्या हिला शिकवलं. लग्नानंतर पयल्याच आठवड्यात चुकून बसली व्हती. म्या काय बोलले न्हाय, निस्तं बघितलं तिच्याकडं. परत कधी बसली न्हाय. आजकालच्या सुना बघा, सासू जमिनीवर आन ह्या सोफ्यावर पाय हालवीत. आमच्यात तसलं चालत न्हाय.

धंदा सुरू झाला तो एका ट्रकवाल्यामुळं. टायर बदलोस्तोर त्याला भूक लागली. श्रीदेवीनं दोन कडक भाकरी आन शेंगाची चटनी दिली. पुढच्या खेपेला तो गडी टायर चांगलं असताना दुकानापुढं थांबला आन म्हनला, त्या भाकरी द्या. मग दुसरे थांबाया लागले. श्रीदेवीनं शेजारच्या बाया गोळा केल्या, गट काढला, घरामागं पत्र्याची शेड मारली. आता तेवीस बाया हैत. आधी पुण्या-हैदराबादला माल जायचा, आता बेंगळूरची एक कंपनी आमच्या भाकरी तिकडच्या शहरात विकती. हे सगळं त्या पोरीनं उभं केलं. नंदीशनं काय केलं? जॅक लावला आन टायर काढलं.

तरी मिटिंगला तोच! दोन दिवसांनी परत यायचा. विचारावं, काय झालं रं मिटिंगमधी? तर म्हनायचा, "झालं सगळं व्यवस्थित." एवढंच. एकदा कंपनीवाल्यांनी जवसाची चटनी मागितली आन ह्यानं येऊन कारळ्याची सांगितली. तेवीस बायांनी चार दिवस कारळं कुटलं. सगळा माल परत आला. वर हा शाना मला म्हनतो, "दोन्ही चटन्याच की, अव्वा!" त्या दिवशी माझ्या हातात मुसळ व्हतं. कसं आवरलं माझं मला ठावं.

मग यंदा चैत्रात त्या कंपनीत खरेदीला शिवप्रिया नावाची नवी बाई आली. तिनं फोन करून कानडीत सांगितलं, आता कुनी इकडं यायची गरज न्हाय. दर मंगळवारी अकरा वाजता व्हिडिओवर मिटिंग. लिंक पाठवते, तुमी तुमच्या गावातनं बोला. म्या देवापुढं साखर ठेवली. म्हनलं, सुटली पोरगी! आता बस नको, लॉज नको, एकटीनं जायचं नको. मिटिंगच घरात आली, तवा हा आता कंचं तुनतुनं वाजिवनार?

मंगळवार उजाडला. शेडमधल्या खोलीत खुर्ची मांडली. समोर स्टुलावर पिठाचा डबा आन डब्याला टेकून मोबाईल. खुर्चीच्या मागं गटाचा बॅनर, त्याच्यावर श्रीदेवीचा हा एवढा मोठा फोटो, हात जोडलेला. आन त्या फोटोच्या खाली खुर्चीवर कोन बसलंय? नंदीश! पावडर लावून! आन श्रीदेवी मोबाईलच्या मागं, भिंतीला टेकून उभी. ह्याचं अडलं की ती खुनेनं सांगायची, हा ते बोलून दाखवायचा. मी कोपऱ्यात पोत्यावर शेंगदाने निवडत बसलेली असायची. दर मंगळवारी हाच तमाशा! दान्यांसंगट खडे बी सुपात राहून जायचे, इतका माझा संताप व्हायचा.

भादव्यात पेट्या परत आल्या. उघडून बघितलं तर भाकरीचा निस्ता चुरा. कारन आमाला सगळ्यांना ठावं व्हतं. गिरनीच्या चकरा वाचवायला नंदीशनं महिन्याची ज्वारी एकदमच दळून आनली व्हती. ज्वारीचं पीठ आठ दिवसांवर गेलं की विरी जातं, त्याचा चिकटपना जातो, थापतानाच भाकरीच्या कडंला चिरा पडत्यात. श्रीदेवीनं त्याला पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं. ह्यानं ऐकलं न्हाय.

त्या मंगळवारी शिवप्रियानं विचारलं, "आधी कधी भाकरी अशा फुटत नव्हत्या. आता काय झालं?" श्रीदेवीनं डब्यातलं मूठभर पीठ घेतलं, मोबाईलच्या मागनं त्याला मूठ आवळून दाखवली, सोडून दाखवली. पीठ वाळूगत खाली सांडलं. ह्यानं बघितलं. म्या बघितलं की त्यानं बघितलं. आन मान फिरवून म्हनतो काय, "पॅकिंगचा प्रॉब्लेम हाय मॅडम. आता डबल खोकं वापरतो."

डबल खोक्यातनं डबल चुरा गेला! दुसऱ्या आठवड्याला शिवप्रिया म्हनली, "नंदीशसर, पुढच्या मंगळवारी शेवटचं ठरवू. असंच चालणार असेल तर आम्ही मशीनवर भाकरी करणाऱ्या कारखान्याकडून माल घेऊ." बाया दारात उभ्या राहून ऐकत व्हत्या. शेडमधी भाकरी थापल्याचा आवाज परत सुरू व्हायला लई वेळ लागला.

म्या नंदीशला जेवतानाच धरला.

"पिठाचं का सांगितलं न्हाईस?"

"आपली चूक आपनच सांगायची व्हय?"

"आपली? तुझी! तिला बसू दे म्होरं."

"बाईमानसानं क्यामेऱ्यापुढं बसायचं? तिकडनं कोन कोन बघत असतंय!"

"तिकडं बी बाईच हाय की रं मुडद्या!"

"आन मधीच नेट गेलं तर? तिला काय कळतंय त्यातलं?"

"तुला कळतंय? नेट गेलं की तू मोबाईल हालवतोस!"

तो ताटावरनं उठला. श्रीदेवी चुलीपाशी उभी व्हती. मला तिचा बी राग आला. म्हनलं, "तुला तोंड हाय का न्हाय गं?" ती म्हनली, "हाय की, अत्ती." अत्ती म्हंजे आमच्या कानडीत सासू. एवढं बोलली आन ताट उचलून आत गेली.

तो मंगळवार आला. नंदीश भांग पाडून खुर्चीवर बसला. पन शिवप्रिया बी पक्की निघाली. म्हनली, "सर, आज मला अध्यक्षांशी बोलायचंय. बॅनरवर ज्यांचा फोटो आहे त्यांच्याशी."

"त्या जरा कामात हैत मॅडम."

मग माझं टकुरं फिरलं. पोत्यावरनंच वरडले, "कामात न्हाय! हितंच उभी हाय, मोबाईलच्या मागं! सा महिनं झालं तिथंच उभी हाय!"

सगळं बेंगळूरला ऐकू गेलं. नंदीशचं तोंड लालबुंद झालं. खुर्ची मागं ढकलून उठला आन दारात जाऊन उभा राहिला. मला वाटलं, जिंकले मी. श्रीदेवी पदर सारखा करून मोबाईलच्या पुढं आली. आली आन खुर्चीच्या शेजारी खाली फरशीवर मांडी घालून बसली.

मोबाईलमधी दिसत व्हती रिकामी खुर्ची आन मागं हिचा फोटो.

"मॅडम, तुम्ही दिसत नाही," शिवप्रिया म्हनली. "आवाजही लांबून येतोय. खुर्चीवर बसता का?"

"हितनं बोलते. चालंल," श्रीदेवी म्हनली.

"आज नीट बोलायलाच हवं हो. आज ठरवायचंय."

श्रीदेवी हालंना. माझा संताप संताप झाला. तेवीस बायांचं काम जायची वेळ आली आन ही येडी जमिनीला चिकटून बसलीय! म्हनलं, "अगं बस की वर! नंदीशला भितीस व्हय? मी हाय की हितं! मी बसलीय ना!"

तिनं माझ्याकडं वळून हळूच सांगितलं, "तुमी खाली बसलाय, अत्ती."

तिच्या बोलन्यात राग न्हाय, टोमना न्हाय. विचारलं म्हनून सांगितलं. सहा वर्षं लेकाला शिव्या घातल्या, त्या सगळ्या माझ्याच तोंडावर येऊन आदळल्या. तिला खुर्चीवरनं पयल्यांदा उठवली कुनी? नंदीशनं न्हाय. म्या.

भिंतीला हात लावून मी उठले. गुडघे कटकट वाजले. नंदीश धरायला आला, त्याचा हात झटकला आन त्याचाच दंड धरून त्याला भायेर ओढला. दार लावून घेतलं. आतनं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मग ती बोलाया लागली. आधी हळू, मग असली खनखनीत की शेडमधल्या बाया थापायच्या थांबल्या. म्हनली, पॅकिंगचं काय न्हाय मॅडम, पीठ जुनं व्हतं, चूक आमची. महिन्याचा माल एकदम मागू नका, दर आठवड्याला न्या. आमी एक दिवसाआड दळू. एक भाकरी फुटली तर मला फोन करा, मलाच. शिवप्रियानं विचारलं, "हे आधी का नाही सांगितलं?" मी आन नंदीश दोघं बी दाराला कान लावून उभे. ती म्हनली, "आता सांगते की."

काम राहिलं. कारखाना गेला उडत. आता दर आठवड्याला पेट्या जात्यात आन भाकरी अख्ख्या पोचत्यात.

हल्ली मी भेटंल त्याला सांगते. दूधवाले असोत, बँकवाले असोत, बायांचं काम असंल तिथं मिटिंगा व्हिडिओवरच लावा. दहा मिन्टाच्या बोलन्यासाठी दोन दिवसाची बस कशाला? आन बस नसली की नवऱ्यांना सबब राहत न्हाय. लोक म्हनत्यात, लक्ष्मम्मा लई सुधारली.

सुधारली कशाची! तीन वेळा सांगितलं श्रीदेवीला, मी हितं असले तरी बस खुर्चीवर, मीच सांगतीया. "व्हय अत्ती," म्हनते. आन उभीच राहते. मी खोलीत हाय तवर बसत न्हाय म्हंजे न्हाय. इतकं पक्कं शिकवून ठेवलंय म्या तिला.

म्हनून दर मंगळवारी पावनेअकराला मीच शेंगदान्याचं सूप उचलते आन भायेर ओट्यावर जाऊन बसते. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला की शिव्या घालाया सुरू करते. नंदीशला वाटतं, त्यालाच घालतीया.