शंभर टक्के बॅटरी

ती मुलगी वडिलांच्या मागून पोलीस ठाण्यात शिरली, तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. वडील अर्नाळ्याचे मच्छीमार. शर्टाच्या खिशात मुलीचा मोबाईल आणि त्या खिशावर सतत हात, कुणी हिसकावून नेईल असा. मुलगी काही बोलायला गेली की दुसरा हात वर व्हायचा आणि ती गप्प बसायची.

मी तेव्हा नालासोपारा पूर्वेला पोलीस निरीक्षक होते आणि निवृत्ती जवळ आली होती. नावं कुणाचीच सांगणार नाही. पोरीचं आता छान चाललंय, उगाच तिचं नाव कुणाच्या तोंडी नको.

भांडण लग्नावरून पेटलं होतं. मुलाकडचे मूळचे पाचूबंदरचे, आता तुळिंजला फ्लॅट. साखरपुडा झालेला, पत्रिका छापायला गेलेल्या. आणि अचानक मुलाकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘हितचिंतक’ नावाच्या कुणीतरी स्क्रीनशॉट टाकले. मुलीच्या मोबाईलमधले म्हणे. त्यात तिचं नाव, तिचा फोटो, आणि कुठल्याशा पुरुषाशी केलेल्या नको त्या गप्पा. सोयरीक मोडली. वडील जाब विचारायला गेले, जिन्यात धक्काबुक्की झाली, शेजाऱ्यांनी फोन केला आणि आमच्या बीट मार्शलनी दोन्ही पार्ट्या ठाण्यात आणल्या.

मुलाची आई रडत होती. “साऱ्या नात्यात गेलंय हो मॅडम. तोंड दाखवायला जागा ठेवली नाय.”

मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याच्या वतीने बोलत होता त्याचा मित्र. तुळिंजला कॉम्प्युटर क्लास चालवायचा. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं एकदम गोड.

“मॅडम, मी स्वतः चेक केलंय. एडिटिंग नाहीये. ओरिजिनल स्क्रीनशॉट आहेत. आता तो टेक्निकल पार्ट तुम्हाला नाही समजणार, पण स्क्रीनशॉट खोटं बोलत नाही.”

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. तीसेक वर्षं वर्दी घातली मी, त्यात ‘तुम्हाला नाही समजणार’ हे वाक्य किती जणांनी ऐकवलं असेल! त्यातले बरेचसे पुढे माझ्यासमोरच्या बाकावर बसले, पण ते असो. मी हसले आणि त्याला चहा सांगितला. ज्याला बोलायची हौस आहे, त्याला बोलू द्यावं.

त्या सगळ्यात मुलगी एकच वाक्य बोलली. “मॅडम, मी नाय लिवलं.”

“गप!” वडील ओरडले. “मॅडम, हिची क्लिनिकमदली नोकरी उद्याच्यान बंद. घरात बसल आता.”

म्हणजे लग्न तर गेलंच होतं. आता नोकरी जाणार होती, घराबाहेर पडणं जाणार होतं, आणि गावात आयुष्यभर ‘ती तीच ना?’ एवढीच ओळख उरणार होती. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली, दोघांची समजूत घालून मुलाकडच्यांना घरी पाठवलं, आणि वडिलांकडून फोन मागून घेऊन मुलीला आतल्या खोलीत नेलं.

फोन जुना, काच तडकलेली. हातात घेतला तोवर स्क्रीन काळी झाली.

“बंद पडला का गं?”

“रोज पडतो, मॅडम. दुपारपर्यंत मान टाकतो. क्लिनिकमदे चार्जरला लावूनच बोलते मी.”

मुलाकडच्यांनी दिलेले स्क्रीनशॉटचे प्रिंट मी टेबलावर पसरले. सगळे त्या गप्पा वाचत होते, त्यामुळे वरच्या कोपऱ्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. एक सकाळचा, एक संध्याकाळचा, एक मध्यरात्रीचा, आणि प्रत्येकात बॅटरी शंभर टक्के! अहो, नवाकोरा फोन असला तरी माणूस तो वापरतो ना? आणि हा तर दुपारी मान टाकणारा. शिवाय सिमकार्डाच्या कंपनीचं नाव एकाही प्रिंटवर नव्हतं.

मी विचारलं, “तो क्लासवाला तुझ्या ओळखीचा आहे?”

पोरीचा चेहरा पडला. तिने दारातून बाहेर वडिलांकडे पाहिलं. मी दार लावून घेतलं.

“त्याच्या क्लासला जायचे मी. त्यानं विचारलं होतं लग्नाचं. मी नाय म्हटलं.” मग म्हणाली, “घरी नाय सांगितलं. सांगितलं असतं तर क्लास बंद केला असता.”

हा फक्त संशय होता, पुरावा नव्हे. सायबर सेलला मी रीतसर पत्र टाकलं, पण त्यांच्याकडे कामाचा ढीग आणि इथे गावात बोभाटा रोज वाढत होता. तेव्हा मी माझ्या जुन्या पद्धतीने चौकशी सुरू केली. क्लासच्या खिडकीसमोर एका इस्त्रीवाल्याची गाडी लागायची. दिवसभर एका जागी उभा राहणारा माणूस पोलिसाला फार उपयोगाचा, कारण त्याच्याकडे कुणी बघत नाही आणि तो सगळं बघतो.

“मॅडम, अजब आहे त्याचं,” इस्त्रीवाला म्हणाला. “त्याच्या कंप्यूटरच्या अंदर मोबाईल राहतो. बाजूबाजूला दोन-दोन. माउसने दाबतो, मेसेज टाकतो. हातात फोन नाय, काय नाय! इधर लिखता है, उधर खुद ही जवाब देता है.”

मी कान टवकारले. स्वतःच लिहितो आणि स्वतःच उत्तर देतो?

ठाण्यातल्या तरुण पोरांना विचारलं, तर म्हणाले एम्युलेटर असेल, गेम खेळायला वापरतात. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये एक सॉफ्टवेअर टाकायचं, ते मोबाईलचं सोंग घेतं. त्यात मोबाईलची ॲप चालतात, खाती उघडतात, स्क्रीनशॉटही निघतो. कळलं, पण ऐकीव माहितीवर मी आरोपीसमोर बसत नाही. म्हटलं, हे आपण स्वतः करून बघायचं.

सुट्टीच्या दिवशी लेकीचा जुना कॉम्प्युटर पुसून काढला. माझे यजमान पेपर वाचत बसले होते.

“अगं, हातात चांगला फोन आहे तुझ्या. आणखी एक कशाला बनवतेस?”

“तुम्ही वाचा हो पेपर.”

सॉफ्टवेअर उतरवलं, चालू केलं, तर म्हणे ‘व्हर्च्युअलायझेशन’ बंद आहे. हे काय नवीन? वाचून काढलं. कॉम्प्युटर चालू होता होता एक बटण दाबत राहायचं, म्हणजे आतलं सेटिंग उघडतं, आणि तिथे जाऊन ते सुरू करायचं. पहिल्यांदा बटण दाबायला उशीर झाला, दुसऱ्यांदा भलतंच बटण दाबलं. तिसऱ्यांदा ते निळं पान उघडलं आणि मी इतक्या जोरात “उघडलं!” म्हणाले की यजमान उठून आले. मग मशीन रखडायला लागलं. सोंगाच्या फोनला मेमरी कमी पडत होती, ती वाढवून दिली. बराच वेळ काळी स्क्रीन. आणि मग हळूच, कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक अख्खा मोबाईल उभा राहिला.

वर कोपऱ्यात बॅटरी, शंभर टक्के.

तो तसाच चालू ठेवून मी आमटी केली, जेवणं झाली, भांडी झाली, दुपार कलली. येऊन पाहिलं, तर शंभर टक्के. सिमकार्डाच्या कंपनीचं नावही नाही. मी त्या दिवशी इतकी खूष होते की संध्याकाळी यजमानांना मुद्दाम खुर्चीवर बसवून सगळं पुन्हा करून दाखवलं. खोटं कशाला बोलू, आजही सांगताना कॉलर ताठ होते माझी!

मग त्या क्लासवाल्याला नोटीस काढली. जबाबाला आला तो तसाच हसतमुख. मी त्याला भरपूर बोलू दिलं. स्क्रीनशॉट कसे खरे, मुली कशा असतात, मित्राचं आयुष्य कसं वाचलं. त्याचं संपल्यावर मी घरून आणलेला लेकीचा कॉम्प्युटर त्याच्याकडे फिरवला. स्क्रीनवर एकमेकांशेजारी दोन मोबाईल. एकावर त्याचं नाव, त्याच्या क्लासच्या बोर्डावरचा फोटो, आणि खाली त्याने एका बाईला लिहिलेल्या घाणेरड्या गप्पा. दोन्हीकडून मीच लिहिल्या होत्या, तशी डायरीला नोंद केली होती आणि नंतर पंचांसमोर त्या पुसूनही टाकल्या.

त्याने वाचलं आणि ताडकन उभा राहिला. “मॅडम, हे मी लिहिलेलंच नाहीये! माझं नाव कसं काय टाकलंत तुम्ही? हे कुणी बघितलं तर?”

“एडिटिंग नाहीये,” मी म्हटलं. “ओरिजिनल स्क्रीनशॉट निघेल. बस खाली.”

तो बसला. त्याच्या नाकावर घाम जमला होता.

“तू नाही लिहिलंस. मग तिने तरी कुठे लिहिलं होतं?”

मग तो टेबलाकडे बघत म्हणाला, “तिने नको म्हटलं नसतं तर मी असं केलं असतं का, मॅडम?”

इतक्या वर्षांत माझा हात कुणावर उठला नाही. त्या दिवशी मात्र मी तो टेबलाखाली मुठीत धरून ठेवला.

गुन्हा नोंदवला, पंच घेतले आणि क्लासवर गेलो. त्याने काहीच पुसलं नव्हतं. दोन्ही सोंगाचे फोन तसेच होते, एकावर मुलीचं नाव आणि फोटो, दुसऱ्यावर तो कुणीसा पुरुष. ‘हितचिंतक’ हे खातंही तिथेच. आणखी स्क्रीनशॉट काढून ठेवले होते, ते तिच्या क्लिनिकमध्ये पाठवायचे होते. पंचनामा करून, कॉम्प्युटर सीलबंद करून मुद्देमालात जमा केला. पुढे कोर्टात हा पुरावा टिकला. तपास अधिकारी म्हणून माझी उलटतपासणी झाली, आणि एम्युलेटर म्हणजे काय हे मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून मराठीतून समजावून सांगितलं. आरोपीच्या वकिलांनी मध्येच पाणी मागवलं.

पण केस माझ्या मनात राहिली ती याच्या आधीच्या एका दुपारमुळे. अटक झाल्यावर दोन्ही घरं पुन्हा ठाण्यात आली. मुलाच्या आईने त्याच ग्रुपवर माफी लिहिली होती, ती मी वाचली. मग मुलगा पुढे आला. “झालं गेलं विसरू. आपण तीच तारीख धरूया.”

मुलगी त्याच्याकडे बघत म्हणाली, “तू मला एकदा विचारलं असतंस तरी चाललं असतं.”

“कसं विचारणार? तुझा फोन तुझ्या बाबांकडे होता.”

“घर तर होतं ना जागेवर?”

तारखेचा विषय तिथेच मिटला. सगळ्यांनी स्क्रीनशॉट वाचले होते, पोरीला कुणी विचारलं नव्हतं. मी माझ्या हाताखालच्या पोरांना त्यानंतर एकच शिकवत आले: यंत्र शिकून घ्या, रात्रंदिवस शिका, पण आधी समोरच्या माणसाला बसवा आणि विचारा.

मुलाकडचे निघून गेले. वडील मात्र उठेनात. तपासून परत दिलेला फोन इतके दिवस त्यांच्याच खिशात होता. त्यांनी तो बाहेर काढला, शर्टाला पुसला आणि दोन्ही हातांनी मुलीसमोर धरला.

“घे बाय. तुजा हाय, तुज्याजवलच ठेव. परत नाय मागनार मी. आनि उद्या कामाव जा.”

तिने फोन घेतला, बटण दाबलं. फोन अर्थातच मेलेला. ती रडता रडता हसली आणि माझ्याकडे वळली.

“मॅडम, चार्जर मिळेल?”

ठाणे अंमलदारासकट अख्खं ठाणं चार्जर शोधायला उठलं. सापडला तो माझ्याच ड्रॉवरमध्ये. मी तो माझ्या टेबलाशेजारी लावून दिला, आणि फोन चालू होईपर्यंत ती पोर निरीक्षकाच्या खुर्चीत बसली होती.